पोटीस, लेप आणि शेक: घरच्या माणसांसाठी आणि गोठ्यातल्या जनावरांसाठी

पोटीस, म्हणजे फडक्यात घालून दुखऱ्या जागी बांधायचा गरम ओला लगदा, बांधायचं म्हटलं की माणसं आधी विचारतात, त्यात घालायचं काय? मी त्यांनाच उलट विचारते: कातडी शाबूत आहे का फुटलीय? सूज आजची आहे का चार दिवसांची? हात ठेवला तर कढत लागते का? एवढं कळलं की निम्मं काम झालं. जवस घाला, कणीक घाला, नाहीतर भाजलेला कांदा, पोटिसात खरं काम करते ती ओली ऊब. तिनं त्या जागी रक्त खेळतं राहतं, ताठलेली कातडी सैल होते आणि आत साठलेला पू एका जागी गोळा होऊन तोंड धरतो. ही ऊब चटका न बसता, अर्धा-अर्धा तास, दिवसातून तीन-चार पाळ्या मिळाली पाहिजे. पाळ्या चुकवल्या तर डोंगरावरून शोधून आणलेला पालाही काही करत नाही.

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडचे. घरी खिलार बैलजोडी, दोन संकरित गाई आणि शेळ्या. आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, हात या कामात मुरलेला होता. माणसाला काय आणि बैलाला काय, त्या एकाच चुलीवर पोटीस शिजवायच्या. त्यांच्याकडून जे घेतलं आणि पुढं जनावरांच्या डॉक्टरांनी ज्यात दुरुस्ती सांगितली, तेवढंच इथं लिहिते.

जवसाचं पोटीस

गळू, केसतूड, काखेत किंवा मांडीत पिकायला लागलेली गाठ, यासाठी मी आधी जवस काढते.

वाटीभर जवस खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सरला फिरवला तरी चालेल, पण पीठ करू नका, भरडच ठेवा. लोखंडी कढईत दीड-दोन वाट्या पाणी उकळा, आच मंद करा आणि एका हातानं भरड सोडत दुसऱ्या हातानं ढवळत राहा. थोड्या वेळात पाणी बुळबुळीत होतं, मग पळीला तार धरते आणि शेवटी सगळा गोळा कढईचं बूड सोडून पळीमागं फिरायला लागतो. तिथं थांबायचं. शिऱ्यासारखं मऊ-घट्ट झालं पाहिजे. उतरवताना चमचाभर हळद आणि चमचाभर तिळाचं किंवा एरंडीचं तेल घाला.

जवसाचा तो चिकटपणाच कामाचा आहे. तो पाणी धरून ठेवतो आणि पाण्याबरोबर ऊबही धरतो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटांत गार पडतं, जवस तेवढ्या लवकर गार होत नाही.

आता बांधायचं कसं. जुन्या धोतराचं नाहीतर लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती फडकं घ्या. नवं कापड टोचतं आणि ओल शोषत नाही. फडक्याच्या मधोमध बोटभर जाडीचा थर पसरा आणि चारी कडा आत दुमडा, म्हणजे कडेनं बाहेर येणार नाही. मग आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला ते धरा. सावकाश दहा अंक मोजेपर्यंत सहज सोसलं, तरच रोग्याला लावा. बोटांवर भरवसा ठेवू नका. चुलीपाशी राबणाऱ्या हातांची बोटं राठ झालेली असतात, त्यांना कढत आणि कोमट यातला फरक लवकर कळत नाही. दुखऱ्या जागेवर आधी तेलाचा हात फिरवा, मग पोटीस, त्यावर एरंडाचं पान आणि वरून घोंगडीचा तुकडा. पट्टी सैल बांधा. बोट सरकेल इतकी जागा राहू द्या.

ऊब गेली की काढायचं. गार पडलेलं पोटीस रात्रभर तसंच बांधून ठेवायची सवय बऱ्याच घरांत आहे, ती सोडा. ओल धरून कातडी पांढरीफटक आणि सुरकुतलेली होते आणि गळवाच्या भोवती नव्या पुटकुळ्या उठतात. प्रत्येक पाळीनंतर जागा कोरडी पुसा आणि थोडा वारा लागू द्या.

गळू पिकलं हे बघूनही कळतं. मधोमध पिवळसर टोक दिसतं, ठणका वाढतो आणि बोट टेकवलं तर दगडासारखी लागणारी जागा मऊ लागते. ते आपणहून फुटू द्या. पिळायचं नाही, सुई टोचायची नाही. पिळलं की पू बाहेर येतो तसा आतही पसरतो. नाकाजवळचं आणि वरच्या ओठावरचं गळू तर कुणालाच पिळू देऊ नका. तिथल्या शिरांचा संबंध आत मेंदूकडच्या शिरांशी आहे. एकदा फुटलं की पोटिसाचं काम संपलं. मग पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून उकळायचं, कोमट झालं की त्यानं धुवायचं आणि वर स्वच्छ कोरडी पट्टी ठेवायची.

दोन-तीन दिवस पाळ्या करूनही टोक धरलं नाही, ताप आला, किंवा गळवापासून लाल रेघ वर चढताना दिसली, तर दवाखाना गाठा. साखरेचा आजार असलेल्या माणसाला घरी शेक देऊच नका, विशेषतः पायाला. अशा पायाला चटका बसलेला कळत नाही, फोड आल्यावर कळतं, आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही.

जवस घरात नसेल तर गव्हाची कणीक चालते: वाटीभर कणीक, पाणी, हळद, चिमूटभर मीठ आणि तेल, याच रीतीनं शिजवायची. ती लवकर गार पडते म्हणून पाळ्या वाढवाव्या लागतात. छोट्या केसतुडीला आख्खा कांदा निखाऱ्यात भाजा, वरची साल काढा, आतला मऊ गर हळद-तेलात चेचून बांधा. नखुर्ड्याला मात्र मी पोटीस बांधत बसत नाही. सोसेल इतक्या गरम मिठाच्या पाण्यात बोट बुडवून ठेवायचं, दिवसातून चार वेळा.

मुका मार, मुरगळ आणि हळद

पडलं, आपटलं, मुरगळलं, तर पहिल्या दिवशी शेक नको. आतल्या बारीक शिरा फुटलेल्या असतात, ऊब दिली की सूज आणखी चढते. पहिला दिवस-दीड दिवस माठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी ठेवा, पाय उशीवर उंच ठेवा. आमच्याकडे घाईनं गरम लेप थापतात आणि सकाळी घोटा दुप्पट होतो, ते टाळा.

त्यानंतर आंबेहळद. सहाणेवर थोडं पाणी घेऊन आंबेहळदीचा खडा उगाळा, त्यातच तुरटीचा खडा पाच-सहा वेळा फिरवा. लोखंडी पळीत हे गंध घालून चुलीवर नुसतं कोमट करा आणि सुजेवर जाड थापा. वाळून तडकायला लागलं की कोमट पाण्यानं भिजवून काढा, ओरबाडून काढू नका. मुका मार म्हणजे कातडी फुटलेली नाही असा मार. खरचटलेलं असेल तर हा लेप तिथं लावायचा नाही.

मुरगळलेल्या घोट्याला गूळ-चुना. लिंबाएवढ्या गुळाला हरभऱ्याएवढा पानात खायचा चुना, जास्त नाही. तळहातावर मळताना ते कोमट व्हायला लागतं, तेव्हाच लावायचं आणि वर कापसाचा पातळ थर दाबायचा. वाळल्यावर हे इतकं घट्ट बसतं की घोटा आपोआप बांधल्यागत राहतो. मला वाटतं अर्धा गुण त्या घट्ट बसण्याचाच आहे, कारण पाय हलत नाही. आग व्हायला लागली तर लगेच भरपूर पाण्यानं धुऊन टाका. लहान मुलांच्या कातडीला चुना लावू नका. पाय टेकवतच नसेल किंवा हाडाचा आकार वेगळा दिसत असेल, तर लेप लावण्यात दिवस घालवू नका, दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढून घ्या.

हळदीबद्दल थोडं सांगते. लेपाला पाकिटातली पूड वापरण्यापेक्षा हळकुंड उगाळा. पुडीत पिवळा रंग मिसळलेला असण्याची भीती असते, हळकुंड फोडून आत बघता येतं. आमच्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हळकुंडं बाजारात सहज मिळतात. हळद जखमेवर लावायचं ज्ञान किती जपून ठेवण्यासारखं आहे हे एका प्रकरणात दिसलं. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीच्या जखम भरण्याच्या उपयोगावर पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, प्रमुख होते. त्यांच्या संस्थेनं जुने ग्रंथ आणि छापलेले लेख पुरावा म्हणून पुढं ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आज्ज्यांच्या तोंडी असलेलं पुरावा म्हणून चाललं नसतं, लिहिलेलं होतं म्हणून चाललं. म्हणूनच मीही लिहून ठेवते.

बिब्बा मी वापरत नाही. जुन्या माणसांत मुरगळीला तापवलेल्या बिब्ब्याचे ठिपके द्यायची रीत होती. पण बिबा उतला की त्या माणसाचं अंग फोडांनी भरतं, आणि कुणाला उतेल हे आधी सांगता येत नाही.

जुन्या गुडघेदुखीला निर्गुडी. ओढ्याकाठची ताजी पानं तव्यावर चमचाभर तेलात मऊ होईपर्यंत परता, फडक्यात पुरचुंडी बांधा आणि तव्याला टेकवत टेकवत शेका. सर्दीनं छाती भरलेल्या लेकराला ओव्याची पुरचुंडी, कोरडी. प्रत्येक वेळी आधी स्वतःच्या गालाला लावून मग त्याच्या छातीला. पोट दुखतंय म्हणून मात्र पोटावर शेक देऊ नका. अपेंडिक्स सुजलेलं असेल तर शेकात वेळ जाईल आणि ते आत फुटेल.

गोठ्यात

जनावर सांगत नाही की चटका बसतोय, आणि जनावर चाटतं. माणसाच्या आणि जनावराच्या पोटिसात फरक करायचा तो या दोन गोष्टींमुळं. म्हणून बैलाला लावायचं असलं तरी ऊब आपल्या मनगटावरच तपासायची. आणि जिथं जीभ पोचते तिथं रुईचा चीक, बिब्बा, मोरचूद (तांब्याचा निळा खडा) यातलं काहीही लावायचं नाही. मोरचूद पोटात गेला तर जनावर दगावतं, त्यातही मेंढ्या लवकर.

*खांदा येणं.* ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर गाडीबैलांचे खांदे बघा, म्हणजे हे दुखणं कळेल. जू एका बाजूला जड पडतं, शिवळा, म्हणजे मानेच्या बाजूनं जुवात घालायच्या खुंट्या, सैल असतात, बैलांची उंची कमी-जास्त असते, नाहीतर पावसात भिजलेल्या खांद्यावर तसंच जू ठेवलेलं असतं. मग मानेवर गरम, दुखरी सूज येते. बैल जू ठेवताना मान खाली काढून घेतो, ते पहिलं लक्षण.

पहिला उपाय म्हणजे औत-गाडी बंद. खांदा बरा होईपर्यंत जू मानेवर ठेवायचंच नाही. हे नाही केलं तर बाकी सगळं वाया. पहिल्या दिवशी गार पाण्याची धार धरा. तिसऱ्या दिवसापासून शेक: गव्हाचा कोंडा मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात भिजवून ओलसर करा, धुतलेल्या गोणपाटाच्या लांबट पिशवीत भरा, सोसवेल इतका निवला की खांद्यावर टाका. वरून घोंगडं. मानेवर पिशवी आपल्या वजनानं बसते, बांधावी लागत नाही. पण कुणीतरी समोर उभं राहून बैलाच्या कपाळावरून हात फिरवत राहावं, म्हणजे तो मान झटकत नाही. अर्धा तास, सकाळ-संध्याकाळ. शेक झाला की कोरडं पुसून हळद कालवलेलं तेल हलक्या हातानं केसांच्या वळणानं चोळा.

बेंदराच्या आदल्या दिवशी आपण खांदमळण करतो, ती हीच क्रिया आहे. गरम पाण्यानं खांदा शेकायचा, हळद आणि तूप-तेल चोळायचं. वर्षातून एक दिवस देव म्हणून करायचं ते पेरणी संपेपर्यंत दर आठवड्याला केलं तर किती खांदे वाचतील. मला तर वाटतं औत सुटल्यावर रोज दोन्ही खांद्यांवर तळहात ठेवून बघावं. एक खांदा दुसऱ्यापेक्षा गरम लागला की जुवात काहीतरी बिघडलंय हे सुजेच्या आधीच कळतं.

सूज दाबल्यावर आत पाणी हलल्यागत लागलं, तर डॉक्टर बोलवा. घरच्या विळ्यानं किंवा दाभणानं फोडू नका. आणि डाग देऊ नका. डागानं सूज उतरत नाही, वर भाजल्याची आणखी एक जखम होते.

*खूर.* पत्री, म्हणजे बैलाचा नाल, मारताना खिळा जिवंत भागाला लागला, किंवा दगड रुतला, की बैल दोन-तीन दिवसांनी लंगडायला लागतो आणि खूर गरम लागतो. पाय धुवा, खिळा असेल तर नालबंदाकडून काढून घ्या. वरचाच कोंडा, मीठ जरा जास्त घालून, जाड गोणपाटाच्या छोट्या पिशवीत भरा, त्यात खूर उभा ठेवा आणि घोट्याच्या वर सुतळीऐवजी रुंद पट्टीनं बांधा. सुतळी काचते. खाली कोरडी जागा हवी, शेणामुतात हे पोटीस बांधून उपयोग नाही. दिवसातून दोनदा कोंडा बदला. तळव्यातून काळसर पू निघून गेला की एकदम बैल पाय टेकवतो. अशा वेळी धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारा.

*दगडी.* गाईची कास सुजली, सड कडक झाला, धारेत गुठळ्या आल्या, तर शेकापेक्षा कोरफडीचा लेप बरा. हा उपाय मी आत्याबाईंकडून घेतलेला नाही. तमिळनाडूतल्या तंजावरचे पशुवैद्यक डॉ. एन. पुण्यमूर्ती यांनी गावोगावचे असे उपचार नीट मांडले आणि आणंदच्या राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळानं ते दूध उत्पादकांपर्यंत पोचवले. प्रमाण सोपं आहे: कोरफडीचं पान २५० ग्रॅम, हळद पूड ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. कडेचे काटे काढून पान सालीसकट चिरा आणि सगळं मिक्सरमध्ये वाटा. हळदीत चुना पडला की पिवळा लगदा डोळ्यांदेखत लाल होतो. लाल झाला नाही तर चुना जुना झालाय असं समजा, ताजा आणा.

कास धुवा, दुखऱ्या सडाची धार पूर्ण पिळून टाका. ते दूध वासराला पाजू नका, गोठ्यात सांडू नका. मग मूठभर लगदा १५० ते २०० मिली पाण्यात पातळ करून सगळ्या कासेला लावा. पुढच्या वेळी आधीचं धुऊन मगच नवं. दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस, आणि लगदा रोज ताजा. ऐकायला फार वाटतं, पण गुण या पाळ्यांतच आहे. दोनदा लावून गुण नाही म्हणणारे पुष्कळ भेटतात. गाईनं वैरण सोडली, ताप चढला, किंवा कास निळसर-गार पडली, तर लगद्याची वाट न बघता त्याच तासाला डॉक्टर.

*किडे पडलेली जखम.* सीताफळाचा पाला ठेचून त्याचा लगदा जखमेत भरा, वर फडकं बांधा. किडे बाहेर यायला लागतात, ते चिमट्यानं काढा आणि मिठाच्या पाण्यानं धुऊन कडेला कडुनिंबाचं तेल लावा, म्हणजे माशी बसत नाही. सीताफळाच्या बियांची पूड मात्र वापरू नका, ती डोळ्यांत गेली तर डोळा जातो. पाला ठेचल्यावर हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका.

लम्पी या जनावरांच्या साथीच्या त्वचारोगात अंगावर गाठी येतात, त्यांवर पोटीस नको. २०२२ च्या साथीत लोकांनी गाठी शेकून बघितल्या, पण तो आजार साऱ्या अंगाचा आहे. जनावर वेगळं बांधायचं, माश्या-गोचीड आवरायचे, डॉक्टरांना कळवायचं आणि फुटलेल्या गाठी स्वच्छ ठेवायच्या.

उघड्या जखमेवर काय नको

शेण, माती, राख, मिसरी, तंबाखू, चुना. माणसाच्या नको, जनावराच्या नको, वासराच्या ओल्या नाळेवर तर मुळीच नको. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात राहतात. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. शेतात बारीक कापलं तर दगडी पाला या रानरोपाची पानं धुऊन, चोळून दाबून धरायला हरकत नाही, रक्त थांबतं, घरी आल्यावर साबण-पाण्यानं धुवा. साप चावला तर कसलाही लेप शोधत बसू नका, गाडी शोधा.

घरात काय असू द्यावं

किलोभर जवस, आंबेहळदीचे दोन-तीन खडे, हळकुंडं, तुरटी, ओवा, एरंडीचं तेल, कोंड्याची एक पिशवी आणि कुंडीत नाहीतर बांधाला कोरफड. चुना डबीत पाण्याखाली ठेवा, वाळला की निकामी होतो. पोटिसाची फडकी उकळून, उन्हात वाळवून वेगळ्या पिशवीत ठेवा. माणसांची वेगळी, जनावरांची वेगळी. पू लागलेलं फडकं परत वापरायचं नाही, जाळायचं. जवस आख्खाच ठेवा आणि लागेल तेव्हाच भरडा. भरड करून ठेवलेला जवस खवट होतो.